लहान लेकरांना घेऊन समुद्रावर : विदर्भातल्या आईवडिलांचे नेहमीचे प्रश्न

विदर्भातून समुद्र जवळ नाही. अमरावती, यवतमाळ, वाशीमकडच्या खेड्यांतून कोकणात पोचायला एक रात्र आणि अर्धा दिवस लागतो. घरातल्या थोरांनीही बहुधा समुद्र पाहिलेला नसतो. पाणी म्हणजे विहीर, तळं, नदीचा डोह, कालवा. समुद्राचं पाणी यांतल्या कशासारखंच वागत नाही, म्हणून खालची बरीच उत्तरं पाण्याभोवतीच फिरतात.

किती वयाचं लेकरू न्यावं?

सहा महिन्यांच्या आतलं बाळ नेऊ नये. उन्हापासून त्याला वाचवायला सावलीशिवाय उपाय नसतो, आणि लांबच्या प्रवासात त्याचं दूध-झोपेचं गणित बिघडतं. सर्वांत अवघड वय एक ते तीन. या वयाची मुलं पळतात, वाळू तोंडात घालतात आणि सांगितलेलं त्यांना कळत नाही. अशी दोन मुलं असतील तर सोबत किमान तीन मोठी माणसं हवीत, म्हणजे एकेका लेकरामागे एक जण आणि एक जण सुटा. चार ते आठ वर्षांच्या मुलांना खरी मजा येते आणि सहलीची आठवणही राहते.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. समुद्र शांत असतो, हवेतला दमटपणा कमी असतो, मासळी भरपूर मिळते. शेती असलेल्या घरांसाठी यात दोन जागा निघतात. पहिली म्हणजे सोयाबीन काढून-विकून झाल्यावरची दिवाळीची सुटी. तेव्हा गर्दी असते, राहण्याचे दर चढे असतात. दुसरी म्हणजे तूर घरात आल्यानंतरचा आणि कापसाची शेवटची वेचणी आटोपल्यावरचा फेब्रुवारी. मुलं अजून शाळेत जात नसतील तर फेब्रुवारीच धरा. २५ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा लेकरं घेऊन जायचा नाही. रस्ते तुंबतात, खोल्या मिळत नाहीत, किनाऱ्यावर मूल नजरेआड व्हायला क्षण पुरतो.

उन्हाळ्याच्या सुटीतच जायचं असेल तर १५ मेच्या आत परत या. इथे विदर्भातली मंडळी हमखास फसतात. आपल्याकडे शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा आठवडाभर उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. त्यामुळे ‘जूनच्या पहिल्या आठवड्यात जाऊ, तेव्हा गर्दी नसते’ असा बेत ठरतो. गर्दी नसते, कारण समुद्र बंद झालेला असतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रवासी होड्या आणि जलक्रीडा २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद ठेवतात. मेअखेरपासूनच मोठ्या लाटा यायला लागतात आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कोकणात मान्सून पोचतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, म्हणजे ताज्या मासळीचीही आशा नको.

समुद्रावर गारवा असेल ना?

मे महिन्यात नाही. अकोला-चंद्रपूरला पारा ४५ च्या पुढे जातो आणि कोकणात तो ३३-३४ वर असतो, हे खरं. पण कोकणातली हवा दमट असते, घाम वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. आपल्याकडचं मूल कोरड्या उन्हाला सरावलेलं असतं. तिथे पहिल्याच दिवशी त्याच्या अंगावर घामोळं उठतं आणि ते चिडचिडं होतं. कूलरचाही तिथे उपयोग नाही. पाणी वाळलं तर हवा थंड होणार, आणि दमट हवेत ते वाळतच नाही. खोली घेताना ‘कूलर आहे’ हे ऐकून समाधान मानू नका. मेमध्ये एसी, बाकी महिन्यांत चांगला पंखा आणि समोरासमोर खिडक्या हव्यात.

कोकण, गोवा की पुरी?

अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, वर्धा, यवतमाळकरांना कोकण सोयीचं. गोंदिया-भंडाऱ्याकडून पुरी आणि विशाखापट्टणमला थेट गाड्या आहेत. पण पुरीचा किनारा उताराचा आहे, लाटा किनाऱ्याजवळच जोरात फुटतात. लहान मुलांनी तिथे वाळूत खेळावं, पाण्यात उतरू नये. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं येतात, तेव्हा दिवाळीत पूर्व किनारा टाळलेला बरा.

कोकणात लेकरांसाठी मालवणजवळचं तारकर्ली, वेंगुर्ल्याकडचे किनारे आणि दापोलीजवळचं कर्दे-मुरूड बघावं. तिथे वाळू लांबवर पसरलेली आहे, पाणी हळूहळू खोल होतं. तारकर्लीच्या दक्षिणेला देवबागच्या टोकाशी कर्ली नदी समुद्राला मिळते. त्या संगमावर मुलांना पाण्यात सोडू नका. कोणत्याही खाडीच्या किंवा नदीच्या मुखाशी ओढ जबर असते. गणपतीपुळे देवदर्शनाला जरूर जावं, पण तिथे उतार तीव्र आहे, ओढ आहे आणि बुडण्याच्या घटना वारंवार घडलेल्या आहेत. हरिहरेश्वर आणि काशीद इथेही तेच. तिथे किनाऱ्यावरूनच नमस्कार.

गोव्यात दक्षिणेचं पाळोळे मुलांसाठी चांगलं. दोन्ही बाजूंनी डोंगर आल्याने खाडीसारखा आडोसा मिळतो आणि पाणी उथळ असतं. गोव्याचा मोठा फायदा म्हणजे मुख्य किनाऱ्यांवर दिवसभर जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यावर त्यांची नजर असते, तिथेच उतरायचं. नुसता लाल झेंडा लागला की पाण्यात जायचं नाही.

तिथे जायचं कसं?

नागपूर-मडगाव अशी विशेष गाडी आठवड्यातून दोनदा धावते. वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, नाशिक रोड, कल्याण, पनवेल करत ती कोकण रेल्वेवर जाते. विशेष गाडी असल्याने तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून बेत ठरवण्याआधी आरक्षण खुलं आहे का ते बघा. गाडी बदलायची नसल्याने मुलांसाठी हीच सर्वांत बरी. ती नागपूरहून दुपारी सुटते. एप्रिल-मेमध्ये अकोल्यापर्यंत स्लीपरचा डबा भट्टीसारखा तापतो, तेव्हा थ्री एसी घ्या.

दुसरी वाट म्हणजे विदर्भ एक्स्प्रेसने ठाण्याला किंवा मुंबईला सकाळी उतरून कोकणची गाडी धरायची. रात्रीची कोकणकन्या किंवा दादरहून सावंतवाडीपर्यंतची तुतारी. दोन गाड्यांच्या मध्ये किमान तीन तास ठेवा. झोपलेलं मूल, दोन बॅगा आणि जिना असं सगळं सांभाळत तासाभरात गाडी गाठणं होत नाही. पहिली गाडी उशिरा आली तर दुसरीचं तिकीट वाया जातं.

उतरायचं कुठे, हे राहण्याच्या गावावर ठरतं. मालवण-तारकर्लीला कुडाळ किंवा कणकवली, वेंगुर्ल्याला कुडाळ किंवा सावंतवाडी, दापोलीला खेड, गुहागरला चिपळूण, गणपतीपुळ्याला रत्नागिरी. स्टेशनपासून समुद्र साधारण २५ ते ४५ किलोमीटरवर असतो. रिक्षा किंवा गाडी घरमालकाला आधीच सांगून ठेवा. रात्री उशिरा उतरणार असाल तर ते सांगितलेलंच हवं.

नागपूरहून गोव्याला विमानानेही जाता येतं, वेळा मोसमाप्रमाणे बदलतात. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर चालतं, पण वयाचा दाखला जवळ ठेवा.

मुलांचं रेल्वे तिकीट कसं काढायचं?

पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ नको असेल तर अर्धं भाडं, बर्थ हवा असेल तर पूर्ण. पैसे वाचवायला सहा-सात वर्षांच्या मुलाचं अर्धं तिकीट काढलं तर वीस-बावीस तास एकाच बर्थवर दोघांना झोपावं लागतं. इतक्या लांबच्या प्रवासात त्याचा बर्थ घ्याच. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुलं होतं. दिवाळीच्या गाड्या त्याच सकाळी भरतात, तेव्हा तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. आरएसीवर, म्हणजे एका बर्थवर दोघांनी बसायच्या तिकिटावर, लेकरं घेऊन निघू नये.

कारने गेलं तर?

नागपूर ते मालवण रस्ता हजार किलोमीटरच्या आसपास आहे. लेकरं असतील तर मध्ये एक मुक्काम हवाच, शक्यतो दोन. समृद्धी महामार्गाने वेळ वाचतो, पण सरळ एकसुरी रस्त्यावर चालवणाऱ्याला गुंगी येते, आणि उन्हाळ्यात जुने टायर फुटतात. निघण्याआधी टायर दाखवून घ्या, दर दोन तासांनी थांबा. दर थांब्याला मुलांना पाच मिनिटं पळू द्या. रात्री गाडी चालवून ‘मुलं झोपतील’ असा हिशोब करू नका. चालवणाराही माणूसच आहे.

घाटात लेकरू ओकतं. काय करावं?

आपला मुलूख सपाट, त्यामुळे मुलांना वळणांची सवय नसते. आंबोली, फोंडा, कुंभार्ली या घाटांत बरीच मुलं ओकतात. घाटाच्या दीड-दोन तास आधी हलकं खाऊ घाला. पोट रिकामंही नको आणि दूध पिऊन गच्चही नको. मुलाला खिडकीपाशी बसवून लांबच्या झाडांकडे बघायला लावा. मोबाइल आणि चित्रांचं पुस्तक अजिबात नको, कारण जवळ टक लावली की मळमळ वाढते. काच थोडी खाली ठेवा. हाताशी दोन-तीन पिशव्या, ओला रुमाल, बदलायचा शर्ट असू द्या. मळमळीचं औषध डॉक्टरांना विचारूनच, आणि दोन वर्षांखालच्या मुलाला नाही.

कोकण रेल्वेवर बोगदे खूप आहेत, रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा तर साडेसहा किलोमीटरचा. अंधाराला घाबरणाऱ्या मुलाला आधी सांगून ठेवलं की बोगदे मोजण्याचा खेळ होतो.

किती दिवसांचा बेत करावा?

जाण्यायेण्याचे दिवस सोडून चार रात्री, आणि त्या एकाच गावात. एक रात्र दापोली, एक गणपतीपुळे, दोन मालवण अशी वाटणी कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात रोज बॅगा भरणं, ओले कपडे पिशव्यांत कोंबणं आणि मुलाला नव्या खोलीत झोपवणं यातच दिवस जातात. पोचल्याचा पहिला दिवस कोरा ठेवा. संध्याकाळी किनाऱ्यावर बसायचं, पाय भिजवायचे, परत यायचं. प्रवासाने शिणलेलं मूल पहिल्याच संध्याकाळी पाण्यात घालू नका.

पाण्यात जायची वेळ कशी ठरवायची?

हे नीट समजून घ्या, सहलीचा सगळा बेत यावर उभा आहे.

समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून पुढची भरती साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी. म्हणून वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. लेकरांना पाण्यात न्यायचं ते भरती चढत असताना. ओहोटी लागली की पाणी आत ओढतं, पायाखालची वाळू सरकते आणि पडलेलं मूल किनाऱ्याकडे न येता समुद्राकडे जातं.

वेळ काढायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. कोकणात जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास. द्वादशीला नऊ. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांत हाच हिशोब. तो मुंबईकडे बरोबर बसतो. मालवणच्या बाजूला भरती त्याच्या साधारण तासभर आधी येते. पूर्व किनाऱ्याला तो चालत नाही. आकडा ढोबळ आहे, म्हणून पोचल्यावर एखाद्या मच्छीमार काकांना ‘आज भरती कधी?’ असं विचारून खात्री करा.

आता मालवणसाठी बघू. उन्हाच्या दृष्टीने मुलांच्या वेळा दोनच : सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसहा. द्वादशीला तिथे आठच्या सुमारास भरती भरते, म्हणजे सकाळी साडेसहाला पाणी चढतं असतं. दुपारी दोनला ओहोटी संपून पुन्हा चढायला लागतं आणि संध्याकाळीही चढतंच मिळतं. चतुर्थीला उलट. दुपारी दोनला भरती भरली की साडेचार-साडेसहा ही पूर्ण वेळ ओहोटीची. त्या संध्याकाळी मुलांना वाळूत खेळवा, पाण्यात नको.

आणखी एक गोष्ट. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या पुढेमागे भांगाची भरती, ती सौम्य. दोन्ही गोष्टी जुळवल्या तर नवमी ते द्वादशी हे चार दिवस लेकरांसाठी उत्तम. नवमी-दशमीला संध्याकाळ, एकादशी-द्वादशीला दोन्ही वेळा. तिकीट काढण्याआधी कॅलेंडर काढा ते यासाठीच.

लेकराला किती खोल न्यायचं?

पाच वर्षांखाली घोट्यापर्यंत. पाच ते आठ, त्याच्या गुडघ्यापर्यंत. गुडघा त्याचा, तुमचा नाही. आणि कायम हाताच्या अंतरावर, म्हणजे हात लांब केला की दंड पकडता आला पाहिजे. मूल पाण्यात असताना मोबाइल खिशातही नको. फोटो काढणारा वेगळा माणूस असू द्या. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवत नाही, आवाज न करता खाली जातं.

मोठी लाट आली तर मुलाला उचलून लाटेला कुस करून उभे राहा. लाटेकडे पाठ करून फोटो काढणं ही सर्वांत मोठी चूक.

आमचा मुलगा विहिरीत पोहतो. त्यालाही हेच नियम?

हो, त्याला तर जास्त जपायचं. पाठीला भोपळा किंवा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेलं पोरगं धीट असतं. पण विहिरीचं पाणी जागचं हलत नाही आणि नदीचं एकाच दिशेला जातं. समुद्राचं पाणी किनाऱ्याला येऊन फुटतं आणि कुठल्यातरी अरुंद वाटेने परत आत जातं. त्या वाटेवर लाटा फुटत नाहीत, पाणी गडद आणि शांत दिसतं. शांत दिसतं म्हणून माणूस नेमका तिथेच उतरतो. तिथे सापडलेला चांगला पोहणाराही किनाऱ्याकडे सरळ पोहत राहिला तर दमून बुडतो. सुटायचं असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत जायचं, ओढ संपली की मग किनाऱ्याकडे वळायचं. दमलात तर उताणं तरंगत राहून हात वर करायचा.

पोहता न येणाऱ्याने वाचवायला पाण्यात उडी घेऊ नये. साड्या-दुपट्टे बांधून साखळी करून माणसं आत जातात आणि एकाचे चार जण बुडतात. तरंगणारी वस्तू फेका : ट्यूब, झाकण लावलेला रिकामा पाण्याचा कॅन, बॉल. ११२ ला फोन करा, मच्छीमारांना हाका मारा.

हवेची ट्यूब वापरावी का?

अंगणातल्या टबात वापरा. समुद्रात नको. रात्री आणि सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. सकाळी सात वाजता ट्यूबमध्ये बसलेलं हलकं मूल त्या वाऱ्यावर आत जातं, आणि बघणाऱ्याला ते पाण्यावर मजेत तरंगताना दिसतं. दंडात घालायच्या हवेच्या फुगवट्याही निसटतात. होडीत बसताना मात्र लाइफ जॅकेट हवंच, आणि तेही मुलाच्या मापाचं. जॅकेटवर किलो लिहिलेले असतात. मोठ्यांचं जॅकेट घातलेलं मूल पाण्यात पडलं की जॅकेट वर राहतं आणि मूल खालून निसटतं. घालून झालं की खांद्याशी धरून वर ओढून बघा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते चालणार नाही. पायांतून जाणारा पट्टा असलेलं सर्वांत चांगलं. मापाचं मिळालं नाही तर सिंधुदुर्ग किल्ला मालवणच्या धक्क्यावरून बघा. होडीवाल्याने ‘काही होत नाही’ म्हटलं तरी बसू नका.

कोणी बुडता बुडता वाचलं तर प्रथमोपचार काय?

आपल्याकडे बुडालेल्याला उलटं धरून, पोट दाबून पाणी काढतात. तसं करू नका. वेळ जातो, ओकारी श्वासनलिकेत जाते. मूल श्वास घेत नसेल तर उताणं ठेवून डोकं किंचित मागे करा, नाक चिमटून तोंडाने श्वास द्या. आधी दोन ते पाच श्वास, मग छातीच्या मधोमध हाडावर ३० दाब, मग २ श्वास, असं न थांबता. दाब छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने. कोणाला तरी १०८ ला फोन करायला लावा.

पाणी नाकातोंडात गेलेलं मूल सावरलं, पण नंतर काही तासांत सतत खोकतंय, धाप लागतेय किंवा गळून झोपतंय, तर त्याच वेळी दवाखाना गाठा.

वाळूत खेळायला काय हरकत?

काही नाही, लहानांसाठी समुद्राची खरी मजा वाळूच आहे. घरचे दोन डबे, गाळणी, जुना झारा, चमचा इतकं न्या, महागडी खेळणी लागत नाहीत. खड्डा मात्र मुलाच्या गुडघ्याहून खोल नको, ओली वाळू ढासळली की आतलं मूल क्षणात गाडलं जातं. डोळ्यात वाळू गेली तर चोळू न देता पिण्याच्या पाण्याची धार सोडा. पोटात थोडी वाळू गेली तर काळजी नको. बसायला सुरूच्या झाडांची सावली घ्या. नारळाखाली मुलाला निजवू नका.

उन्हाचं काय करायचं?

दहा ते चार किनाऱ्यावर जायचंच नाही. पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा गडद सुती सदरा मलमापेक्षा जास्त काम करतो. पांढरा पातळ सदरा ओला झाला की त्यातून ऊन आरपार जातं. कडांची टोपी घ्या, कारण पुढे चोच असलेल्या टोपीत कान आणि मान भाजतात. आपला दुपट्टा आहेच. सहा महिन्यांवरच्या मुलांना एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन निघण्याच्या वीस मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. पायाचा वरचा भाग आणि कानांच्या मागे लावायला लोक विसरतात. समुद्रावर वारा असल्याने चटका जाणवत नाही, रात्री अंग लाल होतं तेव्हा कळतं.

कपडे किती आणि कोणते?

दर मुलाला दिवसाला तीन जोड धरा. दमट हवेत धुतलेले कपडे आपल्याकडच्यासारखे तासाभरात वाळत नाहीत, म्हणून दोरी आणि चिमटे सोबत घ्या. पाण्यात जाताना भडक केशरी, लाल किंवा पोपटी रंग घाला. निळा-पांढरा-राखाडी रंग पाण्यात दिसत नाही. जीन्स नको, ती भिजली की जड होते. आयांनीही साडी नेसून लहान मुलाला घेऊन लाटेत जाऊ नये. पदर आणि निऱ्या पायांत अडकतात.

साधा डायपर समुद्रात घालू नका. तो पाणी पिऊन जड होतो आणि फुटतो. पोहण्याचा वेगळा डायपर मिळतो, नाहीतर सुती लंगोट. वाळू-मिठाने जांघा सोलवटतात. आधी खोबरेल लावा आणि बाहेर आल्यावर अर्ध्या तासात गोड्या पाण्याने अंघोळ घाला.

राहायची जागा ठरवताना काय विचारावं?

घरगुती निवास मुलांना लॉजपेक्षा बरा, कारण मऊ भात आणि गरम पाणी मागता येतं. फोनवर इतकं विचारून घ्या : अंगणातल्या विहिरीला कठडा आणि जाळी आहे का? कोकणात घराघराला विहीर असते, काहींचे कठडे बुटके असतात. खोली तळमजल्यावर आहे का? वर असेल तर कठड्याच्या दोन गजांत मुलाचं डोकं जाईल इतकं अंतर आहे का? वीज गेली तर इन्व्हर्टर? मच्छरदाणी? किनारा चालत किती मिनिटं, आणि वाट सपाट की जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची? आजी-आजोबा बरोबर असतील तर हा शेवटचा प्रश्न पहिला विचारा. रोख पैसेही जवळ ठेवा, किनाऱ्यालगतच्या वाड्यांत नेटवर्क जातं आणि मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत.

लेकरांच्या खाण्याचं काय?

गाडीसाठी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मुरमुरे, फुटाणे, गूळ-शेंगदाणे. (पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे दाणे-फुटाणे नकोत, श्वासात अडकतात, कूट करून द्या.) सातूचं पीठ फार कामाचं : गूळ आणि उकळून थंड केलेलं पाणी घातलं की जेवण तयार. दहीभात दुपारनंतर आंबतो, तो नेऊ नका.

तिथे पोळी-भाकरीपेक्षा भात जास्त मिळेल. मुलांना पेज, वरण-भात, घावन, आंबोळी सहज रुचतं. नारळाचं दूध पोटाला जड, एकदम भरपूर देऊ नका. मासळी पहिल्यांदाच देत असाल तर दुपारच्या जेवणात, चमचाभर, सुरमई किंवा पापलेटचा काटे काढलेला तुकडा. बांगडा नको, काटे बारीक. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या (शिंपल्या) यांची काही मुलांना ॲलर्जी असते. ओठ सुजले, अंगावर गांधी आल्या, श्वास लागला तर लगेच दवाखाना. म्हणूनच हे प्रयोग रात्री किंवा परतीच्या दिवशी करायचे नाहीत.

जुलाब लागले तर?

ओआरएसची पाकिटं इथूनच न्या. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात टाकायचं, अर्धं अर्धं करायचं नाही. छोटी पाकिटं २०० मिलीचीही असतात, पाकिटावर लिहिलेलं वाचा. दर जुलाबानंतर दोन वर्षांखाली ५० ते १०० मिली, त्यावर १०० ते २०० मिली, चमच्याने हळूहळू. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. तयार पाणी २४ तासांनी फेका. आईचं दूध आणि जेवण बंद करू नका. डोळे खोल गेले, सहा तास लघवी नाही, रक्त पडतंय, मूल सुस्त झालंय, यातलं काहीही दिसलं तर घरी उपाय करत बसू नका.

तापाचं पॅरासिटामॉल, मुलाच्या वजनाप्रमाणे किती मिली ते डॉक्टरांकडून बाटलीवरच लिहून घ्या. वेगवेगळ्या बाटल्यांत औषधाचं प्रमाण वेगळं असतं, तिथे दुसरी बाटली घेतली तर जुना आकडा चालत नाही.

पाण्यात काही चावलं तर?

जेलीफिशचा चटका असेल तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नाही, आणि चोळू नका. चिकटलेले धागे कार्डाच्या कडेने काढा. मग सोसेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं. पाणी आधी मोठ्याने स्वतःच्या हातावर बघावं. किनाऱ्यावर पडलेला काचेसारखा गोळा मेलेला असला तरी डंख करतो, मुलांना हात लावू देऊ नका. उथळ पाण्यात वाळूखाली पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) दडलेला असतो. पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूत घासत चाललं की तो आधीच निघून जातो.

गर्दीत मूल हरवलं तर?

आधी पाण्याकडे धावा, दुकानांकडे नंतर. एकाने पाणी बघावं, एकाने वाऱ्याच्या दिशेने किनाऱ्याने जावं, कारण चुकलेली मुलं वारा आणि ऊन पाठीशी घेऊन चालत राहतात. निघण्याआधी मुलाच्या दंडावर बॉलपेनने तुमचा मोबाइल नंबर लिहा. आपली जागा ओळखायला समुद्राकडून दिसेल अशी खूण दाखवा : लाल छप्पर, मोडकी होडी, देऊळ. सगळ्या बाजूंनी वाळू सारखीच दिसते, आणि पाच वर्षांच्या मुलाला ‘तिथे’ म्हणजे कुठे ते कळत नाही.